वरचा पूल ते खालची फरशी : पूर-इशारा प्रकल्पाच्या नोंदी

१४ एप्रिल

पात्रात घोटाभर पाणी असताना तळ नीट दिसतो, म्हणून पाहणी आत्ताच करून घेतली. तीन ओढे एकत्र येतात तिथपासून खालच्या फरशी पुलापर्यंत काठाने चालत आलो. खोरं अरुंद आहे, दोन्ही बाजूंचे डोंगर उभे, मधे शेतांच्या चिंचोळ्या पट्ट्या. संगमानंतर थोड्याच अंतरावर जुना दगडी पूल लागतो. तिथून फरशीपर्यंत नदीच्या वळणांसकट नऊ किलोमीटर. फरशीपलीकडे वस्ती आहे आणि तिला दुसरा रस्ता नाही.

प्रकल्पाचा हेतू पहिल्याच पानावर लिहून ठेवतो, म्हणजे पुढे यंत्रांच्या नादात तो हरवायला नको. फरशीवर पाणी यायच्या आधी पलीकडच्या प्रत्येक घराला कळलं पाहिजे, आणि कळल्यावर हलायला वेळ उरला पाहिजे. पातळी मोजायची ती या वेळेसाठी.

किती वेळ मिळू शकतो याचा ढोबळ हिशेब आजच केला. पुराची लाट पाण्याच्या स्वतःच्या वेगापेक्षा जास्त वेगाने पुढे सरकते. रुंद, उथळ पात्रात मॅनिंगच्या सूत्रावरून (खोली, उतार आणि तळाचा खडबडीतपणा यांवरून पाण्याचा वेग काढायचं सूत्र) तिचा वेग सरासरी प्रवाहवेगाच्या पाच-तृतीयांश पट निघतो. पुरात पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने वाहतंय असं धरलं, तर लाट सेकंदाला सुमारे ३.३ मीटर पुढे येते. म्हणजे नऊ किलोमीटरला पाऊण तास. पाण्याचा वेग अडीच मीटर झाला तर छत्तीस मिनिटं. चोवीस तास आधी इशारा मिळाला तर नुकसान सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतं, असं २०१९ च्या जागतिक अनुकूलन आयोगाच्या अहवालात म्हटलंय. आपल्याकडे चोवीस तास नाहीत. पाऊण तास आहे, आणि त्यातलं एकही मिनिट यंत्रात अडकून राहता कामा नये.

२ मे

जुन्या पुरांच्या खुणा शोधल्या. झाडांच्या बुंध्यांत अडकलेला काडीकचरा, पुलाच्या दगडांवरचे गाळाचे डाग, घरांच्या भिंती. काठावरच्या एका आजोबांनी ओसरीच्या खांबावरची रेघ दाखवली. रेघ त्यांच्या छातीइतकी होती.

"आजोबा, एवढं चढायला किती वेळ लागला असेल?"

"अहो, दिवा लावून धान्याची पोती माळ्यावर टाकेपर्यंत उंबरा बुडाला. वेळ कुठला?"

हे उत्तर मला त्या रेघेपेक्षा महत्त्वाचं वाटतं. रेघेवरून पाणी कुठवर आलं ते कळतं. आजोबांच्या सांगण्यावरून ते किती झपाट्याने आलं हे कळतं, आणि अरुंद खोऱ्यात माणसं दगावतात ती या झपाट्यामुळे. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बिग थॉम्प्सन घळीत ३१ जुलै १९७६ च्या संध्याकाळी असाच पूर आला होता. पाऊस वरच्या अंगाला कोसळला, खाली घळीत असलेल्यांना कल्पनाही नव्हती, आणि १४० हून अधिक माणसं गेली. कित्येक जण गाडीतून घळीबाहेर पळायच्या प्रयत्नात सापडले. त्यानंतर तिथे घळीच्या रस्त्यांवर पाट्या लागल्या : पूर आला तर वर चढा.

सगळ्या खुणांची उंची लेव्हल (उंचीतला फरक मोजायची सर्वेक्षणाची दुर्बीण) लावून घेतली. पुलाच्या पायथ्याच्या खडकावर आणि फरशीजवळच्या कातळावर बेंचमार्क कोरले. सगळ्या उंच्या याच खुणांपासून मोजायच्या. साध्या जीपीएसची उंची या कामाला चालत नाही. तिच्यातली चूक काही मीटरची असू शकते आणि आपला सगळा खेळ सेंटिमीटरचा आहे.

५ मे

दोन्ही ठिकाणी मोजपट्ट्या बसवल्या. शून्य मुद्दाम उन्हाळ्यातल्या पातळीच्याही खाली ठेवलाय, म्हणजे पुढे तळ खरवडला गेला तरी आकडा उणे जाणार नाही.

सेन्सर येणारच आहेत तर पट्ट्या कशाला, असा प्रश्न आला. सेन्सरची तपासणी करायला पट्टी लागतेच, पण त्याहून मोठं कारण लोकांचं आहे. काठावर उभं राहून जो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येतो त्यावर लोकांचा विश्वास बसतो. कैरोच्या रोडा बेटावरच्या नीलमापकाचा दगडी खांब ८६१ साली उभारला गेला, त्यावरही खुणाच आहेत. पाणी कुठल्या खुणेला लागलं ते बघायचं. वस्तीतल्या दोन ताईंनी सकाळ-संध्याकाळ पट्टी वाचून वहीत लिहायचं कबूल केलंय. ही वही प्रकल्पातलं सगळ्यात भरवशाचं उपकरण ठरेल असं मला वाटतं.

१६ मे

सेन्सर कोणता, यावर बराच खल झाला.

दाब मोजणारा सेन्सर पाण्यात बुडवून ठेवावा लागतो. गाळात रुततो, ओंडक्याने तुटतो. शिवाय त्याची नळी बाहेरच्या हवेला उघडी नसेल तर तो हवेचाही दाब मोजतो. एक हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास एक सेंटिमीटर पाणी. वादळात हवेचा दाब दहा हेक्टोपास्कलने उतरला आणि तो हिशेबातून वजा केला नाही, तर नदी आहे त्यापेक्षा दहा सेंटिमीटर खाली दिसते, तीही नेमकी वादळात. श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणाऱ्या) ध्वनीलहरींचा सेन्सर प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळेवरून पाण्यापर्यंतचं अंतर काढतो. तो पुलाला टांगता येतो, पाण्याला लागत नाही, स्वस्त आहे. पण ध्वनीचा वेग तापमानावर ठरतो. रडारला तापमानाचा असा त्रास नाही, पण तो महाग आणि वीज जास्त खातो.

ठरलं असं : दोन्ही पुलांवर श्राव्यातीत सेन्सर, आणि वरच्या पुलाच्या खांबाआड लोखंडी नळीत दाबाचा एक सेन्सर. दोन वेगळ्या तत्त्वांची यंत्रं एकाच कारणाने एकाच वेळी बिघडायची शक्यता कमी असते. टांगलेल्या सेन्सरच्या तोंडाजवळचे पंचवीस-तीस सेंटिमीटर आंधळे असतात, पाणी तिथे पोचलं की आकडे निरर्थक येतात. म्हणून त्याची कमान आजोबांच्या रेघेच्या पातळीपेक्षा बरीच वर घेतली.

२४ मे

वरच्या पुलाच्या आलेखात नदी रोज दुपारी उतरते आणि संध्याकाळी पुन्हा चढते. पट्टीवर ताईंच्या नोंदी मात्र जागच्या जागी.

कारण सापडलं. हवेचं तापमान एका अंशाने वाढलं की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. सेन्सर तापमान मोजून ही दुरुस्ती स्वतःच करतो, पण त्याची तापमापी डब्यातच आहे आणि दुपारच्या उन्हात डबा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. मग त्याला वाटतं ध्वनी वेगाने गेला, म्हणजे अंतर जास्त, म्हणजे पाणी खाली. चार मीटर अंतराला दहा अंशांचा फरक पडला तरी सहा-सात सेंटिमीटरची चूक होते. तापमापी बाहेर काढून पांढऱ्या, हवेशीर झडपांच्या आडोशाला ठेवली. दुपारची ती ओहोटी नाहीशी झाली.

३ जून

किती वेळाने मोजायचं आणि किती वेळाने पाठवायचं? अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नदी-केंद्रांवर साधारण दर पंधरा मिनिटांनी मोजमाप होतं. मोठ्या नदीला ते ठीक. इथे पंधरा मिनिटं म्हणजे हातातल्या वेळेचा तिसरा हिस्सा. त्यामुळे मोजायचं दर दोन मिनिटांनी. पाठवायचं एरवी दर पंधरा मिनिटांनी, आणि पातळी पाच सेंटिमीटरने हलली की लगेच. ही कल्पना जुनीच आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात 'अलर्ट' नावाची पद्धत तयार झाली, तिच्यातलं पर्जन्यमापकही काही घडलं तरच रेडिओवर संदेश पाठवायचं.

पण काही घडलं तरच बोलणाऱ्या यंत्राची एक अडचण असते. ते गप्प बसलं, तर नदी शांत आहे की यंत्र वाहून गेलं? म्हणून दर पंधरा मिनिटांचा 'मी आहे' हा संदेश सक्तीचा. तो वीस मिनिटांत आला नाही तर तीही इशाऱ्याची पहिली पायरी धरायची, आणि वरच्या गावातल्या माणसाने बॅटरी घेऊन पट्टी बघायला जायचं. यावर थोडी कुरकुर झाली, रात्री-अपरात्री उगाच धावपळ होईल म्हणून. मी हटलो नाही. पूर ज्या रात्री येतो त्याच रात्री वीज, मोबाईल आणि यंत्र तिन्ही बंद पडण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

९ जून

इशाऱ्याच्या पातळ्या ठरवायला वस्तीवर बैठक. आकडे आम्ही घेऊन गेलो नव्हतो, प्रश्न घेऊन गेलो होतो : पाणी कुठे आलं की काय अडतं? आधी खालचे पंप बुडतात. मग फरशीचे पाईप भरतात. मग फरशीवरून धार जाते. मग पहिली तीन घरं. प्रत्येक गोष्टीची उंची लेव्हलवरून माहीत होती, ती पट्टीवरच्या आकड्यांशी जोडली आणि पात्राच्या छेदांवरून (काठापासून काठापर्यंत मोजलेल्या आडव्या आकारावरून) वरच्या पुलाच्या पातळीत आणली.

तीन पायऱ्या झाल्या, वरच्या पुलाच्या पट्टीप्रमाणे : १.६० मीटरला 'लक्ष', २.०० ला 'तयारी', २.४० ला 'हला'. शिवाय दहा मिनिटांत वीस सेंटिमीटर चढ दिसला तर पातळी काहीही असो, एक पायरी वर. हा चढाचा नियम मी आजोबांच्या त्या उत्तरावरून धरून बसलो आहे.

फरशीबद्दल स्पष्ट बोललो. वेगाने वाहणारं १५ सेंटिमीटर पाणी मोठ्या माणसाचे पाय काढू शकतं, ३० सेंटिमीटरमध्ये लहान गाड्या तरंगायला लागतात, ६० सेंटिमीटर बहुतेक गाड्या ओढून नेतं. गुडघाभर पाण्यातून आम्ही नेहमीच जातो, असं काही जण म्हणाले. नेहमी जमलं ते उतरत्या पाण्यात जमलं असेल. चढत्या पाण्यात फरशीच्या मध्यावर पोचेपर्यंत गुडघ्याचं पाणी मांडीला लागतं. 'हला' म्हणजे फरशी ओलांडायची नाही, वरच्या टेकाडावर जायचं, हे शेवटी सगळ्यांनी मान्य केलं.

एका मुलीने विचारलं, "काका, शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर येऊन गेलाय म्हणतात. मग आता शंभर वर्षं भीती नाही ना?" अतिशय चांगला प्रश्न. त्या नावाचा अर्थ एवढाच की दर वर्षी तसा पूर येण्याची शक्यता एक टक्का. येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. तीस वर्षं नदीकाठी राहणाऱ्याला निदान एकदा तो गाठण्याची शक्यता २६ टक्के, म्हणजे चारात एक. बैठक थोडा वेळ त्या आकड्यावर थांबली.

२२ जून

पाऊस लागला. पर्जन्यमापकाची छोटी पळी दर ०.२ मिलिमीटरला उलटते. फार जोराच्या सरीत पळी उलटता उलटता थोडं पाणी सुटून जातं, त्यामुळे आकडा कमीच येतो हे धरून चालायचं.

तासाभरात चांगला पाऊस झाला तरी नदी जेमतेम बोटभर चढली. जमीन अजून पीत्येय. पुलाच्या वरचं पाणलोट क्षेत्र चाळीस चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. त्यावर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे वीस लाख घनमीटर पाणी. कोरड्या जमिनीत त्यातलं बरंच मुरतं, भिजलेल्या जमिनीवरून तेच पाणी सरळ नदीत येतं. म्हणून नुसत्या तासाच्या पावसावर इशारा नको. मागच्या काही दिवसांचा साचलेला पाऊसही सोबत धरायचा.

५ जुलै

चाळणीचा प्रश्न. सेन्सरखाली फांदी आली, सेन्सरच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं, की एखादा आकडा भलताच येतो. नेहमीचा उपाय म्हणजे अशक्य वाटणारी उडी टाकून देणं. पण लोंढ्याच्या पुरात पाण्याची भिंतच येते, तेव्हा खरा आकडाही अशक्यच वाटतो. जी चाळणी आलेख सुंदर करते तीच त्या क्षणी खरा इशारा गाळून टाकेल. म्हणून दर वेळी पाच वाचनं घेऊन मधलं धरतो, आणि उडी टाकून न देता एका मिनिटात पुन्हा मोजतो. दुसऱ्यांदाही तेच आलं की ते खरं. कच्चे आकडे सगळे जपून ठेवतो. खोट्या इशाऱ्याने लोक चिडतील हे मान्य, पण चिडलेल्या लोकांची समजूत काढता येते.

१८ जुलै

रात्रीच्या नोंदी वहीतून जशाच्या तशा.

११:२० – वर तासात ३८ मि.मी. जमीन आधीच भिजलेली. पूल १.६२. 'लक्ष' गेलं.
११:४५ – १.९०. दहा मिनिटांत वीस सें.मी. नियमाप्रमाणे 'तयारी'.
११:५५ – २.१५. चढ अजून वाढतोय. 'हला'. एसएमएस आणि भोंगा.
१२:०५ – २.४२.
१२:१० – मोबाईल गेला. वॉकीटॉकीवर वस्तीशी बोलणं चालू. पुलावरून लोराचे (कमी विजेवर लांब पोचणाऱ्या, मोबाईलशिवाय चालणाऱ्या रेडिओचे) संदेश येतायत.
१२:३० – टांगलेला सेन्सर आणि दाबाचा सेन्सर यांत चार सें.मी. फरक. पुलावरच्या दादांनी पट्टी वाचली, टांगलेल्याशी जुळते.
१२:५० – फरशीवर पाणी. वस्ती टेकाडावर, मोजणी पूर्ण.
१:३५ – पूल ३.७०. हाच उच्चांक.
२:२० – फरशीजवळ उच्चांक. पहिल्या तीन घरांत पाणी.

कोणाला काही झालं नाही. 'हला' गेल्यापासून फरशीवर पाणी येईपर्यंत पंचावन्न मिनिटं मिळाली. नुसती २.४० ची वाट पाहिली असती तर त्यातली दहाएक मिनिटं गेली असती. चढाचा नियम राहणार.

२० जुलै

वस्तीवर जाऊन घरोघर विचारलं : कधी कळलं, कशामुळे, निघायला किती वेळ लागला? भोंगा पावसाच्या आवाजात शेवटच्या दोन घरांना ऐकू आला नव्हता, शेजाऱ्यांनी दार वाजवलं म्हणून कळलं. अंथरुणाला खिळलेल्या एका आजींना खाटेसकट उचलून न्यावं लागलं आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. आता यादी केली आहे : कोणाला उचलून न्यावं लागेल, कोण नेणार, तो गावात नसेल तर दुसरा कोण. अशा घरांना 'तयारी'लाच निघायचं. शेवटच्या घरांसाठी वेगळा भोंगा. गुरं सोडायची वेळही 'तयारी'चीच, दावणीला बांधलेलं जनावर मागे ठेवून माणूस निघत नाही.

११ ऑगस्ट

आज नदीने दुसरंच रूप दाखवलं. वरच्या पुलावर पातळी स्थिर, पाऊसही नाही, तरी फरशीजवळ पाणी सकाळपासून हळूहळू चढतंय. खाली मोठ्या नदीला पूर आहे आणि तिची फुग आपल्या नदीत मागे सरकत आलीये. वरच्या पुलाला हे कधीच दिसणार नाही. फुगेचं पाणी संथ असतं, ताशी काही सेंटिमीटर चढतं, पण लवकर ओसरत नाही. घरं दिवसेंदिवस पाण्यात राहतात आणि मातीच्या भिंती पायातून खचतात. फरशीच्या सेन्सरसाठी स्वतंत्र पायऱ्या आजच लावल्या. त्या वरच्या पुलावर अवलंबून नाहीत. दोन्ही एकाच वेळी आले तर काय, याचं उत्तर आकड्यांत द्यायला अजून पुरेशा नोंदी नाहीत. तोवर नियम सोपा : फुग असताना वरच्या पुलावर जी पायरी लागेल तिच्या पुढची पायरी धरायची.

२९ ऑगस्ट

मध्यम पाण्यात विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहतं ते, मोजला. पुलावरून तरंगती लाकडं सोडून पृष्ठभागाचा वेग घेतला, तो ०.८५ ने गुणून सरासरी वेग, आणि छेदाच्या क्षेत्रफळाशी गुणाकार. पातळी आणि विसर्गाचा वक्र हळूहळू भरतोय. चढत्या आणि उतरत्या पाण्याचे बिंदू वेगळे पडतात. त्याच पातळीला चढताना जास्त पाणी वाहतं, कारण लाटेच्या पुढच्या अंगाला पृष्ठभागाचा उतार जास्त असतो. दोन्ही वेगळ्या रंगांत मांडले.

२० ऑक्टोबर

पाणी उतरलं. दोन्ही ठिकाणी पुन्हा लेव्हल लावली. बेंचमार्क जागेवर आहेत, फरशीची पट्टी सरळ आहे, पुलाची पट्टी एक सेंटिमीटर कलली होती ती नीट केली. दाबाच्या सेन्सरच्या नळीत गाळ बसला होता. १८ जुलैचा तो चार सेंटिमीटरचा फरक बहुधा त्याचाच.

महत्त्वाचं म्हणजे पुलाखालचा तळ बराच खरवडला गेलाय आणि ते दगडगोटे खालच्या वळणावर येऊन पडलेत. तळ खोल गेला म्हणजे तेवढंच पाणी आता पट्टीवर कमी आकडा दाखवणार, आणि २.४० वर इशारा द्यायचा तर तो उशिरा जाईल. नव्या छेदावरून हिशेब केला : 'हला' २.२५, 'तयारी' १.८५, 'लक्ष' १.४५. बदललेले आकडे पट्टीवर रंगवले, वस्तीच्या चावडीवर लावले, ताईंच्या वहीच्या आतल्या पानावर लिहिले. वळणावरच्या गोट्यांच्या थराची मोजणी आणि बॅटऱ्या बदलणं बाकी आहे. दोन्ही पहिल्या पावसाच्या आत.